पन्नास वर्षांचं दार

समोर मी तिला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणत असे. मनात मात्र ती कायम ‘ती’च राहिली. ज्या माणसाचा आपल्याला हेवा वाटतो त्याला मनातल्या मनात अहो-जाहो करणं जमत नाही. निदान मला तरी जमलं नाही.

अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघी पर्यावरण विभागात होतो. मी तिच्या आधी नोकरीला लागले. माझी पीएच.डी. तिच्या आधी झाली. माझे पेपरही तिच्यापेक्षा जास्त. हे मी पहिल्याच दमात सांगून टाकते आहे, यावरूनच ओळखा की यातल्या कशाचाही मला तिच्यापुढे उपयोग झाला नाही. तिच्या तासाला बाक भरले की पोरं खिडकीत बसत. माझ्या तासाला पोरं हजेरी लागेपर्यंत बसत.

पोरं तिला ‘कव्हा मॅडम’ म्हणायची. एखादा विद्यार्थी फळ्यासमोर उभा राहून ऐटीत सांगायचा, “या प्रक्रियेतून एवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.” मागच्या बाकावरून तिचा आवाज यायचा, “कव्हा?”

“कव्हा म्हणजे, मॅडम... पडतो.”

“अबे, पडते हे समजलं. कव्हा पडते? आज, उद्या, का तुह्या नातवाच्या लग्नात?”

वर्ग हसायचा. पण तो मुलगा पुन्हा जन्मात ‘पडतो’ म्हणून थांबायचा नाही.

ती अकोटकडची. काळ्या मातीतलं शेतकरी घर. उंच, हाडापेरानं मोठी, साडी घोट्याच्या वर नेसलेली, पायात पुरुषी सँडल. बोलायची ती ठेठ वऱ्हाडीत, वर्गात आणि प्राचार्यांच्या केबिनमध्येही. आमच्या घरी आजोबा वकील, वडील वकील, शुद्ध बोलण्यावर फार कटाक्ष. लहानपणी माझ्या तोंडून एकदा ‘मले’ निघालं तर वडिलांनी जेवणाचं ताट थांबवून वाक्य दुरुस्त करून घेतलं होतं. मी आयुष्यभर वाक्यं दुरुस्त करून बोलत आले. आणि ही बाई बाहेरून आलेल्या पाहुण्या प्राध्यापकाला भर सभेत “तुमचं गणित बराबर हाय, पण अक्कल नाई लावली” असं म्हणायची, आणि पाहुणा जाताना तिचाच फोन नंबर मागून न्यायचा.

तिला एक खोड होती. विभागात नवी वस्तू आली की ती उलटी करून तिच्या बुडाला मार्करनं महिना आणि साल लिहायची. खुर्ची, बादली, पंच मशीन, चहाचा थर्मास. वस्तू भंगारात निघाली की पुन्हा उलटी करून दुसरं साल लिहायची. एकदा प्राचार्यांची नवी फिरती खुर्ची तिनं शिपायाच्या मदतीनं आडवी केली आणि नेमके प्राचार्य आत आले. ही शांतपणे लिहीत राहिली. “जन्म मालूम नाई, मरण मालूम नाई, अन् आयुष्य मोजाले निघाले,” एवढंच बोलली.

आमचा विषय साधा आहे, नाव तेवढं अवघड. जीवनचक्र मूल्यांकन. एखादी वस्तू जन्मल्यापासून मरेपर्यंत, म्हणजे शेतातून-खाणीतून निघाल्यापासून भंगारात किंवा चुलीत जाईपर्यंत, हवेचं-पाण्याचं किती नुकसान करते ते मोजायचं. सगळा धूर एकत्र करून शेवटी एक आकडा काढायचा. मी वर्षानुवर्षं तसंच शिकवत होते, पुस्तकंही तसंच सांगत होती. तिचं भांडण त्या एका आकड्याशी होतं. आज निघालेला धूर आजपासून तापवायला लागतो. चाळीस वर्षांनी निघणारा चाळीस वर्षांनी. मग दोघांची बेरीज एका ओळीत कशी?

विभागाच्या एका चर्चासत्रात मी माझा आकडा मोठ्या अभिमानानं पडद्यावर दाखवला होता. ती उठली.

“मॅडम, तुमी समदं एकाच टोपलीत टाकलं. माह्या लग्नातला आहेर अन् माह्या तेरवीतला आहेर सारखाच काय?”

सगळे हसले. मी म्हणाले, “जगभर असंच करतात.”

“करत असतीन,” ती म्हणाली. “अन् शंभर वर्षावर रेघ ओढता. रेघेच्या त्या बाजूले माणसं राहत नाई काय?”

शंभर वर्षांत जे तापेल तेवढंच धरायचं, पुढचं सोडायचं, हा आमच्यातला रिवाज. त्यावर मी अख्खं प्रकरण लिहिलं होतं, आणि रेघेच्या पलीकडे कोण राहतं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्याच दिवशी तिनं पोरांना मिथेन समजावला. “मिथेन म्हंजे जावई. येते तव्हा घर डोक्यावर घेते, पण जाते. कार्बन डायऑक्साइड म्हंजे घरजावई. आवाज कमी, पण मुक्काम हलत नाई.” तीन तास घेऊन मी जे शिकवायचे ते तिनं एवढ्यात उरकलं. पोरांनी परीक्षेत तेच लिहिलं. पेपर तपासायला माझ्याकडे होते. मला त्यांना मार्क द्यावे लागले.

मी नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले. तिनं पेढा तोंडात टाकला, बाहेर जाऊन स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि परत आली.

“जुनी कुठी गेली?”

“भंगारात दिली.”

“चालत होती?”

“हो, पण धूर—”

“नव्या गाडीचा धूर तं कारखान्यात निघूनही गेला. बचत आता हळूहळू होईन. लय चालवजा बाप्पा, शोभेले उभी करू नका.” आणि दुसरा पेढा उचलला.

मला राग आला तो ती बोलली याचा नव्हता. हा हिशोब मी स्वतः, माझ्याच विषयात, माझ्याच स्कूटरसाठी केला नव्हता, याचा होता.

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझी मुलगी आमच्याच कॉलेजात शिकायला आली, आणि शेवटच्या वर्षी तिनं प्रोजेक्टला मार्गदर्शक म्हणून या बाईला घेतलं. आईला घेता येत नाही असा काही नियम नव्हता. मी विचारलंही नाही. एका संध्याकाळी जेवताना मी कुठल्याशा आकड्याबद्दल बोलत होते, तर मुलगी वरणाची वाटी पुढे ओढत म्हणाली, “आई, तू सगळं एकाच टोपलीत टाकतेस.” वाक्य ओळखीचं होतं. पुढच्या आठवड्यात ती ‘मले’ म्हणायला लागली. पुढच्या महिन्यात तिनं पाण्याची बाटली उलटी करून बुडाला साल लिहिलं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर ती बाई अशी येऊन बसली होती, आणि तिला ऊठ म्हणायची सोय नव्हती.

अकोल्याचं काम आलं ते त्याच वर्षी. तिथल्या एका शेठजींनी दहाएक वर्षांपूर्वी पऱ्हाटीपासून बोर्ड करायचा कारखाना टाकला होता. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, उरतात. कोणी चुलीत घालतं, कोणी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ढीग करून पेटवून देतं. शेठजी त्या विकत घेऊन, भुगा करून, डिंकासारखं रसायन घालून दाबायचे आणि त्याची दारं करायचे. पऱ्हाटीतला कार्बन जळून वर जाण्याऐवजी दारात अडकून राहतो, म्हणून दार पर्यावरणाला चांगलं, असं त्यांचं म्हणणं. परदेशातल्या एका ग्राहकाला त्याचा दाखला हवा होता. कॉलेजनं काम आम्हा दोघींवर सोपवलं. आमच्या विभागाला असं काम पहिल्यांदाच मिळत होतं, आणि प्राचार्यांनी ते चालून आलेल्या स्थळासारखं जपलं होतं.

माझा हिशोब लवकर झाला. दाराचं आयुष्य पन्नास वर्षं धरलं, सगळीकडे धरतात तसं. आकडा असा सुरेख आला की शेठजी फोनवरच “वा मॅडम, वा!” म्हणाले. तिनं माझा कागद पाहिला आणि बोट ठेवलं ते पन्नासवर.

“हे कोणी सांगतलं?”

“संदर्भ आहेत.”

“कुठचे?”

“युरोपातले.”

“तिथं आपल्यासारखी न्हाणी असते काय?”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एसटीनं फिरायला लागलो. शेठजींची सुरुवातीची दारं जिथे जिथे विकली गेली होती तिथे तिथे. अंजनगाव सुर्जीत एका शाळेच्या कपाटाला ती दारं होती, ठणठणीत. अकोटला एका वसाहतीत न्हाणीघरांना लावली होती. मी रस्त्याच्या कडेला, उन्हानं डोकं धरून उभी होते. ती मात्र एका घराच्या ओट्यावर जाऊन घरातल्या बाईंच्या शेजारी बसलीसुद्धा होती.

“ताई, न्हाणीचं दार कुठी हाय?”

“दार? थे खालून फुगलं पावसात. मंग उधई लागली. मागच्या हिवाळ्यात बंबात घातलं.” बाईंनी आतला पडदा दाखवला. “आता हा लावला.”

“पाणी चांगलं तापलं काय?”

“मस्त तापलं!” बाई हसल्या. ती त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसली. मग त्यांच्याकडची भाकर खाऊन, मोळी कुठल्या शेतातून आणता इथपर्यंत गप्पा मारून उठली. मला तेव्हा कारखान्याची, दाराची, कशाची चिंता नव्हती. मी एवढंच पाहत होते की अनोळखी ओट्यावर असं बसणं मला जन्मात जमणार नाही.

त्या वसाहतीतली बरीचशी दारं तशीच फुगून, वाळवी लागून गेली होती, कोणी पाच पावसाळे काढून, कोणी सात. म्हणजे पऱ्हाटीतला कार्बन पन्नास वर्षं अडकत नव्हता, थोडा वेळ थांबून बंबातून वर जात होता. आणि त्या रसायनाचा आणि यंत्रांचा धूर पहिल्याच दिवशी निघून गेलेला. तिनं सालवार आलेख काढला. पऱ्हाट्या पेटवून देण्यापेक्षा दार चांगलं होतं, पण शेठजी म्हणत होते त्याच्या जवळपासही नाही.

अकोल्याला कारखान्यात आम्ही हे सांगितलं तेव्हा शेठजींनी पंखा बंद करायला लावला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

“शेठजी, दार चांगलं हाय,” ती म्हणाली. “पण थे जितके साल उभं राहीन, तितकंच चांगलं. खालची कड नीट बंद करा, पाणी नाई शिरलं पाहिजे. अन् जुनं दार वापस घ्या, त्याचा भुगा करून पुन्हा दाबा. मंग मी तुमाले लंबा हिशोब लिहून देतो.”

ती स्वतःबद्दल बोलताना कधी ‘देते’ म्हणायची, कधी ‘देतो’. रंगात आली की ‘देतो’.

“मॅडम,” शेठजी म्हणाले, “मले दार विकाचं हाय. पोसाचं नाई.”

“मंग पन्नास नका म्हणू.”

“मोठ्या मॅडम तो पन्नास बोल चुके है,” शेठजी माझ्याकडे वळून म्हणाले. मोठ्या मॅडम म्हणजे मी. त्या खोलीत मला कोणीतरी मोठं म्हटलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

आठवड्याभरात प्राचार्यांनी मला एकटीला बोलावलं. माझाच पहिला अहवाल टेबलावर होता, पन्नास वर्षांचा. खाली सहीची जागा एकच ठेवली होती.

“त्या जरा आडमुठ्या आहेत,” प्राचार्य म्हणाले. “तुम्ही समजूतदार आहात. पन्नास वर्षं हा काही तुमचा शोध नाही, सगळेच धरतात. खोटं काहीच नाही यात. आणि हे काम तुमच्या एकटीच्या नावावर राहील.”

तुमच्या एकटीच्या नावावर. इतकी वर्षं ज्याची मी वाट पाहत होते ते असं बशीतल्या बिस्किटासारखं पुढे आलं होतं. मी पेन काढलं. आणि मला आमची स्टाफरूम दिसली. ‘तिनं सही केली नाही, हिनं केली,’ असं कोणीतरी चहा ओतताना म्हणणार होतं. माझी मुलगी काही म्हणणारच नव्हती, नुसती माझ्याकडे बघणार होती. ज्या बाईकडे आधीच सगळं होतं, पोरं, ओटे, माझी मुलगी, तिच्या एकटीकडे आता खरेपणाही जाणार होता, आणि तो मी माझ्या हातानं तिला बहाल करणार होते.

मी पेनाला टोपण लावलं. “नाही जमणार, सर,” म्हणाले.

काम हातचं गेलं. प्राचार्य बरेच दिवस माझ्या नमस्काराला नुसती मान हलवत. पण कॉलेजात बातमी पसरली आणि पहिल्यांदाच लोक ‘दोघी’ म्हणायला लागले. दोघींनी नकार दिला. दोघी ताठ निघाल्या. मुलीनं रात्रीच्या जेवणाला न सांगता माझ्या आवडीची मुगाची भजी तळली. मी ती मिटक्या मारत खाल्ली.

दोन दिवसांनी ती मला पार्किंगमध्ये भेटली.

“सही नाई केली म्हणे?”

“नाही केली.”

“कावून?”

“चूक होतं ते. म्हणून.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. पोरांचं उत्तर अर्धवट असलं की पाहायची तसं.

“चूक तं थे पह्यल्या दिवसापासून होतं, मॅडम. तुमाले माह्यापेक्षा लहान दिसाचं नव्हतं.”

माझे कान तापले. तिनं मोपेडला किक मारली, ती लागली नाही. दुसरी मारता मारता म्हणाली, “असू द्या. पऱ्हाटी जाळली नाई, एवढंच हवेले मालूम पडते. कावून नाई जाळली, हे हवा विचारत नाई.”

मोपेड सुरू झाली आणि ती गेली. मी तिथेच उभी. तिनं मला माफ केलं होतं की उघडं पाडलं होतं, हे ठरवण्यात माझी ती संध्याकाळ गेली.

शेठजींनी दाखला दुसरीकडून आणला, पन्नास वर्षांचाच. पण परदेशातल्या ग्राहकानं आपला तज्ज्ञ पाठवला आणि त्यानं कारखान्यात पाऊल ठेवताच विचारलं की इथल्या हवेत ही दारं खरोखर किती टिकतात. शेठजी स्वतः अमरावतीला आले. तिच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, “चला मॅडम, कड बंद करू.” ती म्हणाली, “या मॅडमबी येतीन, नाई तं मी बी नाई.” मला ते आवडलं आणि आवडलं नाही. वर्षभर आम्ही दोघी अकोल्याच्या खेपा करत राहिलो. आता तिथे जुनी दारं परत घेतात. अहवालावर माझं नाव आधी, तिचं नंतर. ते पाहून मी इतकी हरखले की तिचे आभार मानायला गेले.

“आभार कायचे?” ती म्हणाली. “एबीसीडीत तुमचं पह्यले येते.”

यंदा माझी मुलगी पुढच्या शिक्षणासाठी परदेशी निघाली. विषय तोच, वस्तूंच्या आयुष्यातल्या वेळेचा हिशोब. बडनेऱ्याला मुंबईची गाडी होती. तीही निरोपाला आली होती, हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन. सामान चढलं. मुलगी वाकली ती आधी तिच्या पायाशी.

“अवं, पह्यले आईच्या,” ती म्हणाली.

“आईच्या पाया घरीच पडले मी,” मुलगी म्हणाली, आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. घरी माझ्यापाशी ती रडली नव्हती. मी डबा धरून शेजारी उभी होते. मग मुलगी माझ्याही गळ्यात पडली, पण तोवर तिचे डोळे पुसून झाले होते.

गाडी गेली. फलाटावर आम्ही दोघीच उरलो. काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांत जे नवऱ्यालाही बोलले नव्हते ते मी तिथल्या बाकावर बसून बोलून टाकलं.

“मला तुमचा फार हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून.”

“मालूम हाय.”

“कधी बोलला नाहीत.”

“काय बोलाचं?” तिनं सँडल काढून पाय वर घेतले. “माहा एकेक पेपर तुमी चुका काढाले वाचला. पह्यल्या ओळीपासून शेवटच्या ओळीवरी. बाकीचे लोकं ‘छान’ म्हणत अन् ठेवून देत. तुमाले हेवा नसता वाटला तं मले वाचलं कोणी असतं?”

आम्ही चहा घेतला. पैसे तिनं देऊ दिले नाहीत.

मागच्या आठवड्यात तिचा नवा पेपर आला. मी दोनदा वाचून काढला, तळटिपांसकट. अजून एकही चूक सापडलेली नाही. आज पुन्हा बसणार आहे.